मानेपर्यंत आलेलं हरीण

बहुतेक माणसांना आधी चेहरा मिळतो आणि मग त्यावर नाक बसवलं जातं. नाकोबाच्या बाबतीत आधी नाक तयार झालं असावं आणि त्याला टेकायला काहीतरी हवं म्हणून मागाहून माणूस जोडला असावा. हे निदान त्याच्या थोरल्या बहिणीचं मत. नाव तिनंच ठेवलं, तो चार वर्षांचा असताना. आता तो अठ्ठावन्नचा झाला, डोक्यावरचे केस गेले, दोन दाढा गेल्या, पण नाव काही गेलं नाही. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून गोंधळायचा आणि दारातून ओरडायचा, "नाकोबा, हे कुणाचं हो?"

नाकोबा दुरुस्तीवाला. रेडिओ, टीव्ही, इस्त्र्या, पंख्यांचे रेग्युलेटर, ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं त्याच्याकडे यायचं. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं श्वास रोखून उभं राहावं. पण कीर्ती दुकानात मावणारी नव्हती, आणि ती सगळी त्या नाकाची होती. गिऱ्हाइकानं यंत्र समोर ठेवावं, नाकोबानं मागचं झाकण उघडावं, डोळे मिटावेत, नाक आत घालावं आणि निकाल द्यावा. "ट्रान्सफॉर्मरचं वार्निश. उरलेलं सगळं ठीक आहे." मीटर तो नंतर लावायचा. मीटर म्हणजे नुसता साक्षीदार. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडून बसला असताना त्यानं हातानं डॉक्टरांना थांबवलं आणि म्हणाला, "तुमच्या भिंतीतला स्विच जळतोय." डॉक्टरांना वाटलं, दाढ काढायला घाबरला. पण भिंत उघडली तर आत खरंच कोळसा झालेला. दाढ त्यांनी फुकट काढली.

ही गोष्ट ताईनं अख्ख्या गावाला सांगितली होती. भावाला तोंडावर "नाक्या" म्हणायचं आणि पाठीमागे त्याच्या नाकाचे पोवाडे गायचे, अशी तिची जुनी रीत.

मागच्या हिवाळ्यात नाकोबाला तीन आठवडे ताप आला. ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला.

पहिले काही दिवस त्याला वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, सर्दी जरा लांबली आहे. सहा महिन्यांनी माणसाला सर्दीवर ढकलण्यासारखं काही उरत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "परत येईलही. नाहीही." एवढं नाकोबालाही सांगता आलं असतं.

त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. गवई बहिरा झाला तर तो गावात दवंडी पिटत नाही. नाकोबा पूर्वीसारखंच झाकण उघडायचा, डोळे मिटायचा, नाक आत घालायचा. फरक इतकाच, की आता तो डोळे पुरते मिटत नसे. एका फटीतून कुठे काळं पडलंय का ते बघून घ्यायचा आणि मग निकाल द्यायचा. एकदा बायको आंघोळीला गेली असताना दूध उतू जाऊन भांड्याचा तळ करपेपर्यंत तो शेगडीशेजारी पेपर वाचत बसला होता. ती धावत आली तेव्हा म्हणाला, "मला वाटलं, तू बघशील."

बायकोनं भांड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि भांडं घासायला घेतलं.

मात्र दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी चहा घेऊन दुकानात येऊ लागली. पंचवीस वर्षांत कधी आली नव्हती. "घरी करमत नाही हो, बसते जरा," म्हणायची आणि स्टुलावर विणकाम घेऊन बसायची. मधेच मान वर करून विचारायची, "अहो, त्या कोपऱ्यात काही तापतंय का?"

"मला केव्हाच कळलंय ते," असं म्हणत नाकोबा झटकन बटण बंद करायचा. बायकोचा तर्क अलीकडे फार बरोबर यायला लागला आहे, एवढंच त्याच्या मनात यायचं. आपल्या थोर नाकापलीकडचं बघायची त्याला सवयच नव्हती.

अशा दिवसांत ताईचा कॉम्प्युटर बंद पडला.

ताईचा कारखाना म्हणजे एका गॅरेजच्या वरची लांबलचक खोली. तिथे पाच बायका, एक इस्त्रीचं टेबल, जागोजाग लोकरीची पिसं, आणि मधोमध पलंगाएवढं एक विणयंत्र. यंत्राशेजारी टेबलावर कॉम्प्युटर. एके काळी पांढरा असलेला, आता चहाच्या रंगाचा. पडद्यावर हिरवी अक्षरं. वय पस्तीसच्या पुढे. यंत्रानं कुठली सुई कधी उचलायची हे तो सांगायचा, कारण त्याच्या पोटात एक खास कार्ड होतं आणि विणयंत्राची भाषा जगात फक्त त्या कार्डाला यायची. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. नवा कॉम्प्युटर घ्या, असं सांगणारे भेटायचे. ताई त्यांना म्हणायची, "नवा नवरा पण मिळेल हो. पण या घरात काय कुठे ठेवलंय हे त्याला कोण सांगणार?"

यावर तिचा जुना नवरा कोपऱ्यात बटणं मोजत नुसता हसायचा. भावोजी दिवसाला साधारण एक वाक्य बोलत. उरलेली ताई बोलायची.

कारखाना एका शाळेवर चालायचा. दरवर्षी दोनशे चाळीस स्वेटर, निळे, छातीवर पांढरं हरीण. या वर्षी नव्वद झाले होते आणि द्यायला बारा दिवस उरले होते. एक मोठी गिरणी तीन वर्षांपासून शाळेच्या दारात टपून बसली होती. एकदा उशीर झाला की काम तिकडे जाणार, आणि ते काम गेलं की वरच्या खोलीत उरणार फक्त पिसं. हे ताईला माहीत होतं, पाचही बायकांना माहीत होतं, भावोजींनाही बहुतेक माहीत होतं.

एक्क्याण्णवावं हरीण अर्धं झालं असताना कॉम्प्युटरमधून 'फट्' असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. यंत्र स्वेटर खालून वर विणतं. त्यामुळे हरणाचे चार पाय झाले होते, पोट झालं होतं, शेपटी झाली होती, आणि खांदे जिथे सुरू होतात तिथे सगळं थांबलं. अर्धा स्वेटर तसाच सुयांवर लटकत राहिला.

"बिनडोक हरीण," कॉलरवाली म्हणाली. ती कॉलर शिवायची आणि तोंड चालवायची, दोन्ही सारख्याच वेगानं. "आमच्या जावेसारखं."

ताईनं कुणालाही तो स्वेटर सुयांवरून उतरवू दिला नाही. "नाक्या येऊ दे. ते हरीण त्याच जागेवरून पुढे जाईल."

नाकोबा आला. कॉम्प्युटरचं झाकण काढलं तर आत लोकरीची अशी गादी बसली होती, की एखाद्या मांजरीनं तिथे संसार थाटला असता. विजेचा डबा, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन तिची कॉम्प्युटरला पचेल अशी पाच व्होल्ट करून देणारा भाग, त्यानं उचलला. सगळ्या बायका भोवती जमल्या. ताई म्हणाली, "बघा हं आता." नाकोबानं डोळे मिटले, म्हणजे जवळजवळ मिटले, डब्यावर नाक धरलं, आणि फटीतून दोन फुगलेले कपॅसिटर त्याला स्वच्छ दिसले.

"कपॅसिटर. दोन," तो म्हणाला.

"बघितलंत?" ताई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला, की खरं सांगायची ती शेवटची संधी नाकोबानं तिथेच गिळली.

डबा दुकानात नेऊन त्यानं तीन दिवस त्यावर खपून काम केलं, आणि काम चांगलं केलं. गेलेले कपॅसिटर बदलले. तडा गेलेला तिसराही बदलला. जुनं सोल्डर काढून नवं केलं. मग डबा सरळ भिंतीला न जोडता त्याच्या वाटेत साधा पिवळा बल्ब लावला. आत काही बिघाड असेल तर बल्ब भक्क पेटतो, ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. बल्ब मंद झाला. डब्याच्या दुसऱ्या टोकाला, कॉम्प्युटरच्या जागी, ओझं म्हणून गाडीचा दिवा लावला. मीटर म्हणाला, पाच. बरोबर पाच.

आता त्याचा स्वतःचा नियम असा, की इतक्या जुन्या डब्याला अर्धा दिवस पूर्ण ओझ्याखाली तापवायचं. गाडीचा दिवा म्हणजे कॉम्प्युटरच्या निम्मंसुद्धा ओझं नव्हतं. पण नियमाला एक पळवाट होती, तीही त्यानंच काढलेली. तासाभरानं नाक लावायचं, आणि वास आला नाही तर पुढचं तापवणं माफ. तीस वर्षं ही पळवाट कधी चुकली नव्हती. तासाभरानं नाकोबानं सवयीनं डोळे मिटून नाक लावलं. कसलाच वास आला नाही. आणि, सांगायला लाज वाटते, पण या माणसाला त्यामुळे हायसं वाटलं. ज्या नाकाला काही म्हणजे काही येत नव्हतं, त्या नाकाला काही आलं नाही, याचं समाधान मानून त्यानं डबा बांधला. सवय म्हणजे अशी, की पाय तुटला तरी माणूस सकाळी चपला शोधतो.

बायको स्टुलावर होती. तिलाही काही वास आला नव्हता. तेवढ्या ओझ्याला येणारच नव्हता.

"मी पण येते उद्या ताईंकडे," ती म्हणाली.

"तू कशाला? ऑपरेशनला नातेवाईक बाहेर थांबतात."

"मी बाहेर थांबेन की. जिन्यात."

"काही नको."

ती विणकामात बघत म्हणाली, "बरं." या 'बरं'त काय काय होतं ते नाकोबाला ऐकू आलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा जागेवर बसला, बटण दाबलं, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उगवली. पाच बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती यंत्राच्या कडेला हात ठेवून उभी राहिली, आजारी म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. यंत्र खडखडलं. हरणाच्या पाठीवर एक ओळ चढली. मग दुसरी. अर्ध्या तासात हरणाला खांदे आले, मानेची सुरुवात आली.

तेवढ्यात कोपऱ्यातून भावोजी म्हणाले, "मासळीसारखा वास येतोय."

दिवसाचं वाक्य असं खर्ची पडलेलं पाहून कॉलरवाली फिदीफिदी हसली. "भूक लागली असेल, साहेब!"

"मला तर बाई जन्मात वास येत नाही या पिसांमुळे," ताई म्हणाली. "नाक्या, तू बघ."

इथे गोष्ट थांबवता आली तर किती बरं झालं असतं. कारण मासळीचा वास म्हणजे काय, हे नाकोबाइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. विजेचं यंत्र आतून शिजायला लागलं की अगदी तसाच वास येतो, शिळ्या मासळीचा. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यानं पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, की मासळी आली की विचार करायचा नाही, बटण बंद करायचं. शब्द कानावर पडताच त्याचा हात बटणाकडे गेलासुद्धा.

आणि थांबला. सहा बायका त्याच्या नाकाकडे बघत होत्या. आता बटण बंद केलं तर भावोजींच्या नाकावर विश्वास ठेवून केलं असं होणार. मग कुणीतरी विचारणार, तुला नाही आला वास?

त्यानं हात मागे घेतला. डोळे मिटले, या वेळी खरोखर मिटले. लांब श्वास घेतला.

"धूळ," तो म्हणाला. "साठलेली धूळ पहिल्यांदा तापते तेव्हा येतो असा. जाईल आपोआप."

भावोजींनी मान डोलावली आणि पुन्हा बटणं मोजायला घेतली. नाक पाजळणाऱ्या मेव्हण्यासमोर ते बिचारे काय बोलणार?

मानेच्या आणखी चार ओळी झाल्या. मग पडद्यावरची अक्षरं एकाएकी फार तेजस्वी झाली, इतकी की कॉलरवाली म्हणाली, "अय्या, नवा झाला की!" आणि पुढच्याच क्षणी अंधार. झाकणाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ सरळ वर गेली. ती नाकोबाला दिसली. बघण्यात तो अजून कुणाला हार जाणार नव्हता.

त्यानं मीटर लावला. पाचाच्या जागी नऊ. डब्यात मसुराएवढा एक भाग असतो, त्याचं काम एवढंच, की व्होल्ट पाचाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. तो पूर्ण ओझ्याखाली हळूहळू शिजला होता, ओरडून ओरडून वास सोडत होता, आणि शेवटी मेला होता. मग नऊ व्होल्ट मोकळे सुटले. नाकोबानं कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किटच्या पाटीवर बोट ठेवलं आणि चटका बसून काढून घेतलं. मग त्या खास कार्डावर ठेवलं. तिथेही चटका बसला.

"काय झालं रे?" ताईनं विचारलं.

दुरुस्तीवाल्याकडे अशा वेळेसाठी एक वाक्य कायम तयार असतं. आतलं आधीच गेलेलं होतं, माझ्या हातात काही नव्हतं. जगातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्यानं ते वापरलंय, आणि ताईनं ते डोळे झाकून मानलं असतं. नाकोबानं ते जिभेवर आणलंसुद्धा. मग त्याची नजर भावोजींकडे गेली. भावोजी आपल्या चपलांकडे बघत होते. 'मी म्हणालो होतो' असं म्हणायचा हक्क जगात त्या क्षणी फक्त त्यांना होता, आणि ते चपलांकडे बघत होते.

"मला वास येत नाही, ताई," नाकोबा म्हणाला. "मागच्या हिवाळ्यापासून."

ताई त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"काहीच?"

"काहीच."

"गाढवा, मग मागच्या महिन्यात मी हाताला लावायचं मलम दिलं, तेव्हा 'वा, गुलाब' कसा म्हणालास?"

"डबीवर चित्र होतं."

कॉलरवालीला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. ताई हसली नाही. ओरडलीही नाही. ती ओरडली असती तर नाकोबाला घरी नीट चालत जाता आलं असतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दूध करपलं तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत. मी कशी बोलणार?"

त्या घरात एकमेकांचा मान राखण्याची पद्धत फार चांगली होती. त्या पद्धतीपायी पाच बायकांचं काम गेलं.

पुढचे आठ दिवस नाकोबानं तसल्या कार्डासाठी शोधाशोध केली. भंगारवाल्यांच्या वखारी पालथ्या घातल्या, जुन्या दुरुस्तीवाल्यांना फोन केले. निम्मे मेले होते आणि उरलेल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं. अगदी तसाच कॉम्प्युटर एका ठिकाणी सापडला. धावत गेला तर मालकानं त्याच्या पोटात काच बसवून पाणी भरलं होतं, आणि कार्डाच्या जागी तीन लाल मासे फिरत होते.

बारावा दिवस आला आणि गेला. शाळेनं पत्र पाठवलं, गोड शब्दांत. नव्वद स्वेटर घेतले, उरलेल्यांचं काम गिरणीला दिलं. दोन बायका गिरणीत लागल्या, त्यांत कॉलरवाली होती. जाताना ती ताईच्या गळ्यात पडून रडली, आणि रडतानाही बोलतच होती. बाकीच्या तिघी घरी बसल्या. विणयंत्र न्यायला भंगारवाला आला, जिन्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि निघून गेला.

रविवारी ताईचा निरोप आला, ये. नाकोबा जिना चढताना चार वेळा थांबला. खोलीत ताई आणि भावोजी दोघंच होते. इस्त्रीचं टेबल घडी करून भिंतीला लावलेलं. यंत्राच्या सुयांवर तो अर्धा स्वेटर अजून तसाच होता, पाय, पोट, खांदे आणि अर्धी मान.

"बस," ताई म्हणाली. "हात पुढे कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

त्यानं दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर. हे त्याच्या हातांना माहीत होतं. लहानपणी ताई लोकरीची लड त्याच्या दोन हातांत अडकवून गुंडा करायची. तासन्तास. तो पळून जायला बघायचा, तर ती म्हणायची, "हलायचं नाही, नाक्या. हललास तर गुंता."

ताईनं एकेक टाका सुयांवरून उतरवला. सावकाश. इतके दिवस स्वेटर तिथे होता तोवर हरीण थांबलेलं होतं. शेवटचा टाका उतरला तेव्हा ते थांबलेलं राहिलं नाही, संपलं. मग तिनं लोकरीचं टोक शोधलं आणि ओढलं. मान गेली. उसवलेली लोकर कुरळी, वाकडी-तिकडी, भावाच्या हातांभोवती गुंडाळली जाऊ लागली. पांढरी वेगळी, निळी वेगळी.

"काय करणार हिचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. लोकर आहे, टाकायची कशाला?"

खांदे गेले. पोट जायला वेळ लागला. भावोजी बटणं मोजत नव्हते. मोजायला बटणं उरली नव्हती. ते नुसते बघत बसले होते, आणि आजचं वाक्य ते अजून बोलले नव्हते.

नाकोबाचे हात भरून आले. मुंग्या आल्या. नाक खाजायला लागलं, नेमकं तेच. हात अडकलेले, त्यामुळे खाजवता येईना. त्यानं नाक एकदा खांद्याला घासायचा प्रयत्न केला.

"हलू नकोस," ताई म्हणाली.

तो हलला नाही. हरणाचे पाय उरले होते, चार.